ग्राहकाला आयपी पत्ता देताना: तालुक्याच्या आयएसपीसाठी हिशेब, नियम आणि नेहमीच्या चुका

तालुक्याच्या गावात फायबर टाकून हजार-दोन हजार घरांना इंटरनेट देणारे आयएसपी आता महाराष्ट्रात जागोजागी आहेत. खांबावरून केबल ओढणं, स्प्लायसिंग (फायबर जोडणं), ओएलटी (घरांचे फायबर जिथे येऊन मिळतात ते आयएसपीकडचं यंत्र), बिलिंग हे सगळं त्यांना उत्तम जमतं. आयपी पत्त्यांचं मात्र पहिल्या दिवशी जे सुचलं तेच वर्षानुवर्षं चालू राहतं. अपस्ट्रीमने (ज्या मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेतात तिने) दिलेले थोडे पत्ते, राउटरवर एक पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा), तो संपला की आणखी एक. ग्राहक पाचशेच्या आत असेपर्यंत हे निभावतं. त्यानंतर एकेक तक्रार यायला लागते: यूपीआय मध्येच अडकतं, गेम चालत नाही, दुकानदाराचा मेल परत येतो, आणि एके दिवशी सायबर पोलिसांचं पत्र येतं.

माझं मत सरळ आहे. आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे, टंचाई असलेले पत्ते) काटकसरीने वापरा, आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे, मुबलक पत्ते) सढळ हाताने द्या, आणि दोन्हींची नोंद काटेकोर ठेवा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं. एखाद्या दुकानाला आयपीव्ही४ चे आठ पत्ते सहज दिले जातात, आणि घराला आयपीव्ही६ द्यायची वेळ आली की एका /६४ वर हात आखडतो (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका पत्त्यांचा तुकडा लहान).

पत्ते नेमके कुणाचे

आयपीव्ही४ मध्ये एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. जागतिक पातळीवरचा, म्हणजे सगळ्या भागांना पत्ते वाटणाऱ्या आयएएनएचा मोकळा साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचं काम बघणारी एपनिक १५ एप्रिल २०११ ला शेवटच्या /८ वर आली. हा /८ म्हणजे १०३ ने सुरू होणारे पत्ते. भारतातल्या बहुतेक नव्या आयएसपींचे पत्ते १०३ ने सुरू होतात ते यामुळेच. सुरुवातीला त्यातून एका संस्थेला जास्तीत जास्त /२२, म्हणजे १,०२४ पत्ते मिळायचे. २०१९ पासून ही मर्यादा /२३ वर, म्हणजे ५१२ वर आली. भारतात हे काम निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) या संस्थेच्या छत्राखाली २०१२ पासून आयरिन ही रजिस्ट्री (पत्त्यांची नोंदणी करणारी संस्था) करते. आयएसपीने आयरिनचं सदस्यत्व घ्यावं किंवा थेट एपनिकचं, दोन्ही मार्ग खुले आहेत.

रजिस्ट्रीकडून हे पत्ते विकत मिळत नाहीत. भाडेपट्ट्याच्या जमिनीसारखं आहे: दरवर्षी शुल्क भरायचं, ज्या कारणासाठी घेतले त्यासाठीच वापरायचे, नोंद अद्ययावत ठेवायची. १०३ मधले पत्ते मिळाल्यापासून पाच वर्षं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. साठेबाजी होऊ नये म्हणून ही अट आहे, आणि ती योग्यच आहे.

नोंदणीत दोन शब्द नीट समजून घ्या: पोर्टेबल आणि नॉन-पोर्टेबल. तुम्हाला रजिस्ट्रीकडून थेट मिळालेले पत्ते पोर्टेबल. अपस्ट्रीम बदलला तरी ते तुमच्याकडेच राहतात. तुम्ही त्यातून ग्राहकाला दिलेले, किंवा तुमच्या अपस्ट्रीमने तुम्हाला दिलेले पत्ते नॉन-पोर्टेबल. सेवा बंद झाली की ते परत करायचे. हे कलम छोट्या आयएसपीला सर्वात महाग पडतं. अपस्ट्रीमचेच पत्ते वापरून शंभर दुकानांना स्टॅटिक (न बदलणारे) आयपी दिले, आणि दोन वर्षांनी स्वस्त बँडविड्थ मिळाली म्हणून अपस्ट्रीम बदलला, की त्या शंभर दुकानांचे पत्ते एका रात्रीत बदलावे लागतात. कुणाच्या व्हीपीएनमध्ये तो पत्ता लिहिलेला असतो, कुणाच्या बँकेने तोच मान्य केलेला असतो. म्हणून ग्राहक चार-पाचशेच्या पुढे जाण्याआधी स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर तुमच्या जाळ्याची ओळख असलेला क्रमांक), स्वतःचे आयपीव्ही४ आणि स्वतःचा आयपीव्ही६ /३२ घ्या. आयपीव्ही४ मध्ये /२४ पेक्षा लहान आणि आयपीव्ही६ मध्ये /४८ पेक्षा लहान तुकडा बाकीचं इंटरनेट साधारणपणे स्वीकारत नाही, त्यामुळे जाहिरात करताना (हे पत्ते आमच्याकडे आहेत असं इतर जाळ्यांना कळवताना) यापेक्षा बारीक तुकडे पाडण्यात अर्थ नाही. पत्ते मिळाले की त्याच दिवशी आरपीकेआयमध्ये (पत्त्यांचा हक्क पडताळण्याच्या व्यवस्थेत) आरओए, म्हणजे कुठला तुकडा कुठल्या एएस नंबरने जाहीर करायचा याची सही केलेली नोंद, तयार करा. त्यात कमाल लांबी (तिरप्या रेघेनंतरचा सर्वात मोठा चालणारा आकडा) तुम्ही खरोखर जाहीर करता तेवढीच लिहा. कधीतरी लागेल म्हणून /२३ च्या आरओएत /२४ पर्यंत मोकळीक दिली, की दुसरं कुणी तुमचा एएस नंबर पुढे करून तोच /२४ जाहीर करू शकतं, आणि पडताळणीत तो वैध दिसतो.

५१२ पत्त्यांची वाटणी

समजा तुमच्याकडे एक /२३ आहे. त्याचे दोन /२४ करा. पहिला /२४ पूर्णपणे सीजीनॅटसाठी, म्हणजे अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी. दुसऱ्यातले १२८ स्टॅटिक ग्राहकांसाठी, ६४ तुमचे स्वतःचे सर्व्हर, राउटर आणि लिंकसाठी, उरलेले ६४ राखीव. सीजीनॅट आणि स्टॅटिक ग्राहक वेगवेगळ्या /२४ मध्ये ठेवण्यामागे कारण आहे. सीजीनॅटमागे हजारो घरं असतात, त्यातला एखादा संगणक हमखास स्पॅम पाठवतो. मेलच्या काळ्या याद्या पुष्कळदा एकेका पत्त्यावर न थांबता अख्खा /२४ अडवतात. मेल सर्व्हर चालवणारा ग्राहक त्याच /२४ मध्ये असला, तर शेजाऱ्यामुळे त्याचे मेल अडकतात.

स्टॅटिक देताना /३० ची सवय सोडा. /३० मध्ये चार पत्ते जातात आणि ग्राहकाला वापरता येतो एक. दहा ग्राहकांमागे चाळीस पत्ते खर्च. पीपीपीओईवर (ग्राहक नाव-पासवर्डने जोडला जाण्याची पद्धत) रेडिअसमधून (ग्राहकांची खाती तपासणारा आणि नोंद ठेवणारा सर्व्हर) त्या ग्राहकाच्या खात्याला फ्रेम्ड-आयपी-ॲड्रेस म्हणून एकच /३२, म्हणजे एकच पत्ता, द्या, दहा ग्राहकांत दहाच पत्ते जातात. दोन राउटरमधली लिंक असेल तर /३१ (दोनच पत्ते) वापरा. आरएफसी (इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) ३०२१ ने त्याला मान्यता देऊन जमाना झाला. कुणी /२९ मागितला, तर त्यात आठांपैकी गेटवे वगळून पाचच कामाचे उरतात, हे त्याला सांगा आणि पाच यंत्रं कोणती ते लिहून घ्या. बहुतेकांना उत्तर देताना लक्षात येतं की एक पत्ता आणि पोर्ट फॉरवर्डिंग (एकाच पत्त्यावरून आतल्या अनेक यंत्रांकडे वळवणं) पुरतं.

स्टॅटिक आयपीसाठी सर्वाधिक मागणी सीसीटीव्हीसाठी येते. खरं तर डीव्हीआरला सार्वजनिक पत्ता देणंच धोक्याचं आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने फॅक्टरीतले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले होते, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डायन या डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) कंपनीवर झालेल्या हल्ल्यात मोठमोठी संकेतस्थळं बंद पडली. डीव्हीआर बनवणाऱ्याच्या ॲपमधून किंवा व्हीपीएनमधून कॅमेरे दिसतात, ते दुकानदाराला लावून द्या. पत्ता वाचतो आणि त्याचं दुकानही उघडं पडत नाही. स्टॅटिकची खरी गरज असते मेल सर्व्हर, कार्यालयाचं व्हीपीएन आणि ज्यांच्या बँकेने किंवा विक्रेत्याने ठरावीक पत्ताच मान्य केला आहे त्यांना.

मेल सर्व्हर असेल तर पीटीआर नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी, म्हणजे उलटी डीएनएस नोंद) विसरू नका. उलटी डीएनएस नोंद नसलेल्या पत्त्यावरून आलेले मेल मोठे मेलवाले नाकारतात किंवा स्पॅममध्ये टाकतात, आणि ग्राहक समजतो की लाइनच खराब आहे. पीटीआरमधलं नाव पुढे उलगडलं की तोच पत्ता यायला हवा. /२४ पेक्षा लहान तुकड्याची उलटी डीएनएस ग्राहकाच्या हाती द्यायची असेल तर आरएफसी २३१७ ची पद्धत आहे. दोन-चार पत्त्यांसाठी मात्र नोंद तुम्हीच करून देणं सोपं.

सीजीनॅट: पोर्टांचा हिशेब

घरगुती ग्राहकांना आता सार्वजनिक आयपीव्ही४ पुरणार नाही, हे मान्य करून चालायचं. त्यांच्या वॅनला (राउटरच्या तुमच्याकडच्या बाजूला) १००.६४.०.०/१० मधले पत्ते द्या. हा तुकडा एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने याच कामासाठी राखून ठेवला, त्यात ४१,९४,३०४ पत्ते आहेत. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे देऊ नका. घरातल्या राउटरचं आतलं जाळं नेमकं तेच असतं. वॅनला आणि लॅनला (राउटरच्या घराकडच्या बाजूला) एकच जाळं आलं की राउटरला कुठला पत्ता कुठल्या बाजूला आहे हे कळत नाही, आणि तुमचा माणूस उगाच घरी खेप घालतो. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या कुणाचे सार्वजनिक पत्ते आतल्या आत वापरणं. १.१.१.१ बरीच वर्षं असाच कुठेही लिहिला जायचा. १ एप्रिल २०१८ पासून त्यावर क्लाउडफ्लेअरची खरी डीएनएस सेवा सुरू झाली, आणि ज्यांनी तो आत वापरला होता त्यांच्या ग्राहकांना ती पोहोचेना.

एका सार्वजनिक पत्त्याला ६५,५३६ पोर्ट (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखणारे क्रमांक). पहिले १,०२४ सोडले की ६४,५१२ उरतात. ३२ घरांत वाटले तर प्रत्येकी २,०१६. ६४ घरांत १,००८. १२८ घरांत ५०४. घरटी ५०४ वर चांगलीच कुचंबणा होते. चार मोबाइल, एक टीव्ही, एक लॅपटॉप एवढ्यातच सायंकाळी ते संपतात. पोर्ट संपल्याची लक्षणं फसवी असतात: पान अर्धवट उघडतं, चित्रं येत नाहीत, ॲप फिरत राहतं, पण पिंग आणि स्पीड टेस्ट व्यवस्थित. तक्रार अशी आली की आधी त्या घराचे किती पोर्ट वापरात आहेत ते बघा, मग ऑप्टिकल पॉवर. माझ्या मते ३२ घरांमागे एक पत्ता हे प्रमाण धरावं. २५६ पत्त्यांवर ८,१९२ घरं होतात. तालुक्याला ते पुरून उरतं.

ग्राहक आणि त्याचे पोर्ट यांची जोडणी ठरावीक सूत्राने करा. प्रत्येक ग्राहकाला आतला पत्ता कायमचा द्या. ८,१९२ घरांसाठी १००.६४.०.०/१९ बरोबर बसतो. ग्राहकाचा क्रमांक शून्यापासून धरा. त्याला ३२ ने भागा. भागाकार म्हणजे कितवा सार्वजनिक पत्ता, आणि बाकी गुणिले २,०१६ अधिक १,०२४ म्हणजे त्याचा पहिला पोर्ट. उदाहरणार्थ, आतला पत्ता १००.६४.०.७५. पंचाहत्तरला ३२ ने भागलं की भागाकार २, बाकी ११. सार्वजनिक तुकडा २०३.०.११३.०/२४ धरला, तर हा ग्राहक बाहेर २०३.०.११३.२ वर दिसेल आणि त्याचे पोर्ट २३,२०० ते २५,२१५. उलट्या दिशेनेही हा हिशेब कागदावर करता येतो, तोच याचा मोठा फायदा. ज्यांच्या राउटरला हे जमत नाही त्यांनी निदान गठ्ठ्याने पोर्ट द्यावेत, म्हणजे प्रत्येक जोडणीऐवजी गठ्ठा दिला आणि परत घेतला एवढ्याच नोंदी होतात. एक लक्षात ठेवा: सूत्रामुळे नोंदी कमी लागतात, पण परवान्यात आयपीडीआरचे (ग्राहकाच्या इंटरनेट वापराच्या नोंदींचे) जे रकाने मागितले आहेत ते भरावेच लागतात. त्या अटी वाचून मगच लॉग कमी करा.

आणखी चार गोष्टी सीजीनॅटवर तपासा. एका ग्राहकाच्या सगळ्या जोडण्या एकाच सार्वजनिक पत्त्यावरून जायला हव्यात. मध्येच पत्ता बदलला की बँकेचं संकेतस्थळ बाहेर काढतं. यूडीपीची (आधी जोडणी न बांधता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीची) मुदत, म्हणजे शांत असताना नोंद किती वेळ ठेवायची ती, दोन मिनिटांपेक्षा कमी नको, आरएफसी ४७८७ तर पाच मिनिटं सुचवते. चालू टीसीपी (आधी जोडणी बांधून पाठवण्याची पद्धत) जोडणी शांत असली तरी दोन तास चार मिनिटं धरून ठेवायची, हे आरएफसी ५३८२ मध्ये आहे. पोर्ट वाचवण्यासाठी ही वेळ पाच-दहा मिनिटांवर आणणारे आहेत, आणि मग ऑफिसची एसएसएच (दूरच्या संगणकावर काम करायची जोडणी), व्हीपीएन तुटत राहतात. आणि सोडलेला पोर्ट दुसऱ्या जोडणीला लगेच देऊ नका, १२० सेकंद थांबा.

आयपीव्ही६: घराला /५६, आणि तोही कायमचा

इथे काटकसरीची सवय आड येते. /३२ मध्ये ६५,५३६ /४८ आहेत, किंवा १,६७,७७,२१६ /५६. तुमच्या जिल्ह्यात एवढी घरं नाहीत.

घराला एकच /६४ दिला तर त्यात एकच जाळं बसतं, कारण पत्ता आपोआप तयार होण्याची पद्धत /६४ वरच चालते. पाहुण्यांचं वायफाय वेगळं करायचं, कॅमेरे वेगळ्या जाळ्यात टाकायचे, किंवा तुमच्या ओएनटीमागे (घरात बसवलेल्या फायबरच्या डब्यामागे) ग्राहकाने स्वतःचा राउटर लावला, की /६४ कमी पडतो आणि मग कुणीतरी आयपीव्ही६ वरही नॅट लावतो. /५६ मध्ये २५६ जाळी बसतात. २००१ मध्ये सरसकट सगळ्यांना /४८ द्यावा अशी शिफारस होती, २०११ च्या आरएफसी ६१७७ ने ती सैल केली, आणि युरोपात एपनिकसारखं काम बघणाऱ्या रायपच्या ऑक्टोबर २०१७ च्या ६९० क्रमांकाच्या दस्तऐवजाने व्यवहारातली दिशा स्पष्ट केली: सगळ्यांना /४८, किंवा घरांना /५६ आणि व्यवसायांना /४८, आणि तो शक्यतो न बदलणारा. तो दस्तऐवज युरोपातल्या चालकांनी लिहिला असला तरी त्यातलं कारण आपल्या गावालाही जसंच्या तसं लागू आहे.

मांडणी चारच्या पटीत करा, म्हणजे तुकड्याची सीमा पत्त्याच्या अक्षरावरच पडते आणि वाचताना चूक होत नाही. /३२ चे सोळा /३६ होतात. पहिला /३६ स्वतःसाठी: लूपबॅक (राउटरचे स्वतःचे पत्ते), लिंक, सर्व्हर. शेवटचा व्यवसायांसाठी, त्यात ४,०९६ /४८ बसतात. मधल्या चौदांमध्ये २२४ /४० होतात. प्रत्येक पॉपला (तुमच्या प्रत्येक जोडणी केंद्राला) एक /४० द्या, त्यात ६५,५३६ /५६. ओएलटीच्या गावातली घरं कधीही एवढी होणार नाहीत. राउटरांमधल्या लिंकवर /१२७ लावा, पण कागदावर तिच्यासाठी पूर्ण /६४ राखून ठेवा. तुमचा अख्खा /३२ मुख्य राउटरवर ब्लॅकहोल मार्गाने (आलेलं पॅकेट टाकून देणाऱ्या मार्गाने) बांधून ठेवा, नाहीतर न वापरलेल्या पत्त्यांकडे येणारी पॅकेट तुमच्यात आणि अपस्ट्रीममध्ये फेऱ्या मारतात. तोच घोळ ग्राहकाच्या राउटरमध्येही होतो: /५६ मिळाला, वापरला एक /६४, बाकीचं डिफॉल्ट मार्गाने परत तुमच्याकडे. आरएफसी ७०८४ पाळणारा राउटर ही पॅकेट टाकून देतो. ओएनटी विकत घेण्याआधी हे तपासा.

आता कायमचा का, ते. आपल्याकडे लाइट जाते. लाइट आली की ओएनटी पुन्हा सुरू होतो, नवं पीपीपीओई सत्र होतं, आणि पूलमधून वाटप असेल तर नवा प्रीफिक्स (पत्त्यांचा तुकडा) येतो. घरातले मोबाइल आणि लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच होते. त्यांच्याकडे जुन्या प्रीफिक्सचा पत्ता असतो, आणि राउटरच्या जाहिरातीत प्रमाणित डिफॉल्ट मुदत असली तर तो पत्ता सात दिवस पसंतीचा आणि तीस दिवस वैध राहतो. जुना प्रीफिक्स आता रद्द झाला, हे सांगायला ओएनटीला जुना प्रीफिक्स आठवतच नाही, कारण तो स्वतःच बंद पडला होता. मग मोबाइल जुन्या पत्त्यावरून पॅकेट पाठवत राहतो, तुमचा बीएनजी (ग्राहकांची सत्रं जिथे जोडली जातात तो राउटर) ती टाकून देतो, आणि ग्राहक सांगतो, "लाइट आल्यापासून नेट आहे पण चालत नाही." वायफाय बंद-चालू केलं की चालतं, म्हणून तक्रार कधी मुळापर्यंत पोहोचत नाही. बरेच आयएसपी इथेच कंटाळून आयपीव्ही६ बंद करून टाकतात. आरएफसी ९०९६ ने ग्राहकाच्या राउटरने काय करावं हे सांगितलं आहे, पण गावात लागलेले ओएनटी बदलणं तुमच्या हातात नाही. रेडिअसमध्ये प्रत्येक खात्याला डेलिगेटेड-आयपीव्ही६-प्रीफिक्स लिहून ठेवणं हातात आहे. तेच करा. लाइट दहा वेळा गेली तरी घराचा /५६ तोच राहतो.

कायम प्रीफिक्समुळे ग्राहकाचा माग काढता येतो हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी ज्याला हवा त्याला मागणीवरून बदलून द्या. सगळ्यांचा रोज बदलणं हा उपाय नव्हे. आणि ग्राहक एका पॉपमधून दुसऱ्यात गेला तर नवा प्रीफिक्स द्यावा लागेल, तो कळवून द्या.

डीएचसीपीव्ही६ रिले (पत्ते वाटणारा सर्व्हर वेगळा ठेवून निरोप मधून पोहोचवणं) वापरणाऱ्यांनी एक खोच लक्षात घ्यावी. दिलेल्या /५६ चा मार्ग बीएनजीने वाटपाचे निरोप ऐकून तयार केलेला असतो. बीएनजी पुन्हा सुरू झाला की तो मार्ग जातो, आणि ग्राहकाचा राउटर नूतनीकरणाला येईपर्यंत परत येत नाही. ते नूतनीकरण पसंतीच्या मुदतीच्या निम्म्यावर होतं, म्हणजे मुदत मोठी ठेवली असेल तर आयपीव्ही६ कित्येक तास बंद. वाटपाची माहिती रीस्टार्टनंतरही टिकवणारं उपकरण घ्या, नाहीतर मुदत तास-दोन तासांवर ठेवा.

पीपीपीओईचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १,४९२ असतो. टीसीपीचा एमएसएस (पॅकेटमधल्या मजकुराचा कमाल आकार) आयपीव्ही४ साठी १,४५२ वर आणि आयपीव्ही६ साठी १,४३२ वर बांधा. दुसरा नियम बहुतेक जण विसरतात. आयसीएमपीव्ही६ (जाळ्यातल्या अडचणी कळवणारे निरोप) सरसकट अडवू नका, आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेट तोडत नाही, तो "मोठं आहे" असा निरोप पाठवतो आणि तो निरोप पोहोचलाच पाहिजे. ओएनटीवर आयपीव्ही६ चा फायरवॉल चालू आहे का हेही बघा. स्वस्त ओएनटीत तो बंद आढळतो, आणि नॅट नसल्याने घरातला कॅमेरा थेट उघडा पडतो.

आयपीव्ही६ चा रोख फायदाही आहे. यूट्यूब, व्हॉट्सॲप, नेटफ्लिक्स यांची वाहतूक आयपीव्ही६ वरून जाते, त्यामुळे सीजीनॅटवरचा भार आणि पोर्टांची ओढाताण दोन्ही कमी होतात. शिवाय ३१ डिसेंबर २०२२ नंतर दिलेली नवी वायरलाइन जोडणी आयपीव्ही६ वाहून नेण्यास सक्षम असावी, असं दूरसंचार विभागाचं सांगणं आहे.

कोण, कधी, कुठल्या पत्त्यावर

तपास यंत्रणेचं पत्र येतं तेव्हा त्यात एक पत्ता आणि एक वेळ असते. सीजीनॅट असेल तर एवढ्यावर ३२ घरं निघतात. पोर्ट क्रमांक मागा, तो त्या संकेतस्थळाच्या नोंदीत असतो किंवा असायला हवा; आरएफसी ६३०२ सर्व्हरवाल्यांना तेच सांगते. पोर्ट नसताना अंदाजाने एका ग्राहकाचं नाव देऊ नका. दुसरा सापळा वेळेचा. परदेशी कंपन्यांच्या नोंदी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, तुमच्या भारतीय वेळेत. साडेपाच तास मिळवायला विसरलात, आणि पत्ते बदलते असतील, तर पूर्णपणे वेगळ्याच घराचं नाव निघतं. त्या घराच्या दारात पोलिस जातात. वेळ कुठल्या पट्ट्यातली हे पत्रात लिहिलं नसेल तर लेखी विचारा आणि उत्तरातही स्पष्ट लिहा.

घड्याळं एनटीपीला (नेटवरून वेळ जुळवण्याच्या व्यवस्थेला) जोडलेली हवीत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवणी आणि १८० दिवसांचे लॉग भारतात ठेवणं आहे. परवान्यातल्या डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने आयपीडीआर किमान दोन वर्षं ठेवायचे आहेत. मोठी मुदत धरून साठवणुकीची सोय करा.

रेडिअस अकाउंटिंगमध्ये फक्त सुरुवात आणि शेवट यांवर अवलंबून राहू नका. बीएनजीची वीज गेली तर शेवटचा निरोप येतच नाही, आणि नोंदीत ते सत्र आठवडाभर चालू दिसतं. तेवढ्यात तोच पत्ता दुसऱ्याला गेलेला असतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी इंटरिम अपडेट (सत्र चालू असल्याची मधली नोंद) घ्या, आणि तीन अपडेट चुकले की सत्र बंद धरा. त्या नोंदीत आयपीव्ही४ पत्त्यासोबत वॅनचा आयपीव्ही६ प्रीफिक्स आणि दिलेला /५६ हे दोन्ही उतरतात का, हे एकदा प्रत्यक्ष टेबल उघडून पाहा. बऱ्याच बिलिंग प्रणालींमध्ये दुसऱ्यासाठी रकानाच नसतो.

ग्राहकाने आपला नसलेला पत्ता लावून पॅकेट पाठवू नये म्हणून बीएनजीवर कडक यूआरपीएफ (पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का हे तपासणं) लावा. मे २००० पासून बीसीपी ३८ हा शिफारशींचा दस्तऐवज हेच सांगतं आहे. हे नसेल तर वरच्या सगळ्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही.

सोडलेला स्टॅटिक पत्ता लगेच दुसऱ्याला देऊ नका. जुन्या ग्राहकाचं डोमेन अजून त्याकडे बोट दाखवत असतं, पीटीआर जुनीच असते, काळ्या यादीत नाव असू शकतं. पीटीआर काढा, यादी तपासा, दोन-तीन महिने तसाच पडू द्या. बाजारातून तुकडा हस्तांतरित करून घेतला असेल तर भौगोलिक नोंदही बघा. आधी परदेशात वापरलेला तुकडा असेल तर ओटीटीवाले ग्राहकाला परदेशात समजतात आणि चित्रपट दाखवत नाहीत. आरएफसी ८८०५ प्रमाणे जिओफीडची (कुठला पत्ता कुठल्या ठिकाणी वापरला जातो याची) फाइल तयार करून तिचा दुवा रजिस्ट्रीच्या नोंदीत टाका. बदल दिसायला वेळ लागतो, म्हणून ग्राहकांना पत्ते देण्याआधीच हे काम करा. रजिस्ट्रीतला अब्यूजचा (गैरवापराच्या तक्रारींचा) मेल पत्ता चालू ठेवा. एपनिक दर सहा महिन्यांनी तो पडताळते, आणि उत्तरासाठी पंधरा दिवस देते.

चालू जाळ्यात हे सगळं आणायचं तर एका वेळी एक ओएलटी घ्या. आधी रेडिअसमध्ये प्रत्येक खात्याला आतला आयपीव्ही४ आणि /५६ लिहा, मग त्या ओएलटीची सत्रं पहाटे तोडून पुन्हा जोडू द्या. आठवडाभर तक्रारी पाहा, मग पुढची ओएलटी. शेवटची झाली की महिन्यापूर्वीच्या नॅट लॉगमधली कुठलीही एक ओळ उचला, सार्वजनिक पत्ता, पोर्ट आणि वेळ एवढंच एखाद्या सहकाऱ्याच्या हाती द्या आणि ग्राहकाचं नाव काढायला सांगा. अर्ध्या तासात बरोबर नाव आलं नाही, तर कुठला रकाना कमी पडला ते तिथल्या तिथे शोधून दुरुस्त करा.